मॅडमच्या वाटचं गाणं

सागपाण्याच्या शाळेत तीन वर्षं पुरी झाली, त्या दिवशी मृणालीनं स्वतःच शिरा केला आणि स्वतःच खाल्ला. दुसरं कोण करणार होतं? सातपुड्याच्या पायथ्याचा तो पाडा. शिरपूरहून दिवसाला एक एसटी, तीही ड्रायव्हरच्या मर्जीची. शाळेतले दुसरे शिक्षक, तोताराम गुरुजी, शिरपूरहून मोटरसायकलवर यायचे आणि शाळा सुटली की धुरळा उडवत परत जायचे. मृणाली मात्र पाड्यातच खोली घेऊन राहिली. लोक म्हणायचे, केवढी सेवाभावी बाई. सेवाभाव कसला डोंबलाचा. धुळ्याला तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, एवढंच खरं.

धुळ्यातल्या देवपुरात वडिलांच्या दोन खोल्या होत्या, त्यांना कुलूप. आई आधी गेली, वडील चार वर्षांपूर्वी. भाऊ पुण्याला, त्याचा फोन सणासुदीला. लग्न झालं होतं, ते आठ वर्षांपूर्वीच मोडलं. महिन्यातून एकदा ती देवपुरात जायची, खोल्या झाडायची, नळाला पाणी येतं का बघायची आणि परत यायची. परत येताना एसटीत कुणी विचारलं, ‘घरी चालल्या का मॅडम?’ तर ती म्हणायची, ‘शाळेवर चालले.’

आता यंदा प्रश्न होता बदलीचा. अवघड भागात तीन वर्षं काढली की बदली मागता येते. अर्ज ऑनलाइन, शेवटची तारीख पंधरा एप्रिल. तोताराम गुरुजी रोज टोकायचे, ‘मॅडम, भरला का अर्ज?’ ती म्हणायची, ‘भरते.’ पण भरत नव्हती. कारण तिच्या मनात एक गोष्ट अडकून बसली होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. या पाड्यात आपण कुणाच्या तरी आहोत का, हे तिला एकदा कळायला हवं होतं. असलो तर राहायचं, नसलो तर देवपूरचं कुलूप काढायचं. तीन वर्षांत तिनं इथलं एकही लग्न चुकवलं नाही. प्रत्येक वेळी तिला मानानं बसवलं, पहिलं ताट तिला वाढलं, आणि मग सगळं लग्न तिला वगळून रंगलं. मान भरपूर मिळाला. मानानं पोट भरतं, पण करमत नाही.

शाळेतलं तेवढं बरं चाललं होतं. पोरांची घरची बोली पावरी. मराठी त्यांना शाळेतच भेटायची, तीही पुस्तकातून, आणि पुस्तकात आगगाडी, समुद्र, बागेतला झोपाळा. पोरं नुसती टकामका बघत बसायची. धुळ्याच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं की गाण्यांतून भाषा शिकवा. मृणालीनं त्यात स्वतःचं डोकं चालवलं. घरातलं गाणं आणायचं, आपल्या बोलीत म्हणायचं, मग मराठीत सांगायचं. आणि शेवटी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: या गाण्यात मी कोण?

काय सांगावं, पोरं सुटलीच. तिसरीतला रुपचंद नांगरटीचं गाणं म्हणून म्हणाला, ‘या गाण्यात मी बैल आहे.’ सगळे हसले, पण तो गंभीर होता. ‘गाण्यात फक्त बैलाचं नाव आहे,’ तो म्हणाला. ‘माणसाचं नाही.’ चौथीतली रेशमा दीड वर्षं ‘हो मॅडम’ आणि ‘नाही मॅडम’ यापलीकडे गेली नव्हती. तिनं दळताना म्हणायचं गाणं आणलं आणि फळ्याजवळ उभी राहून म्हणाली, ‘यात मी नाही, आई आहे. पण आई दमली की पुढचं मी म्हणते. मग मी आहे.’ मृणालीनं ते वाक्य जसंच्या तसं गाण्यांच्या वहीत उतरवलं. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

मग एकदा रुपचंदनंच विचारलं, ‘मॅडम, तुमचं गाणं कोणतं?’

शाळेत शिकवायच्या कविता तिला ढीगभर येत होत्या. पण तिच्या घरातलं, तिचं नाव असलेलं, तिच्यासाठी कुणी म्हटलेलं? ‘माझं नाही रे काही,’ ती म्हणाली. पोरांना ते फार विचित्र वाटलं. गाणं नसलेला माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. ती गोष्ट त्या दिवशी घरोघर गेली.

दहा-बारा दिवस गेले. एप्रिल लागला, सकाळची शाळा सुरू झाली. मोहाचे दिवस होते, पोरं पहाटे फुलं वेचून तशीच शाळेत यायची आणि वर्गभर मोहाचा गोड वास भरायचा. रेशमा त्या दिवशी आली तीच उड्या मारत. तिनं गाणं आणलं होतं. म्हणायला लागली आणि मागून सगळ्या पोरी टाळ्या वाजवून साथ देऊ लागल्या, म्हणजे पाड्यातल्या सगळ्यांना ते आधीच येत होतं. मध्येमध्ये ‘मॅडम’ असा शब्द मृणालीच्या कानावर पडला. तिनं हसतच खडू घेतला. ‘एकेक ओळ मराठीत सांग. मी लिहिते.’

रेशमानं सांगितलं, मृणालीनं लिहिलं.

‘शाळेची मॅडम आली, लांब मानेची बगळी आली.’

पोरं खिदळली. मृणालीही हसली.

‘नवरा कुठे ठेवला गं? एसटीत विसरून आली.’

खडू थोडा थांबला, पण ओळ लिहून झाली.

‘एकटीची भाकरी थापते, कुत्र्याशी बोलत खाते.’

रेशमाचं मराठी इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. एकही शब्द अडत नव्हता. पोरीचे डोळे आनंदानं चमकत होते.

‘घर नाही, दार नाही, कुणाला नको म्हणून इथे आली.’

मृणालीनं ही ओळ लिहिली नाही.

‘अजून एक आहे मॅडम,’ रेशमा म्हणाली.

‘बस झालं.’ तिनं डस्टर घेऊन फळा पुसला, दोनदा पुसला. ‘कुणी शिकवलं?’

‘आईनं. सगळ्यांनी मिळून केलं.’

आता मृणालीचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला आखडू म्हणाल. तिचे वडील, नाव आधार, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मूळ गाव अमळनेरकडचं. त्या गावात आधारच्या बापाला कुणी नावानं हाक मारली नाही; जातीनं मारली, आणि तीही शिवीसारखी. आधार धुळ्याला आला, बुद्धविहाराच्या कामाला लागला, पोरीचं नाव पुस्तकातून शोधून ठेवलं, आणि तिला कळायला लागल्यापासून एकच धडा दिला, आपल्या अहिराणीत: ‘बेटा, कोनी बी शिवी दिधी ते ऐकी लेवानी नई. तठेच जवाब देवाना.’ तिनं तो पाळला. कॉलेजात पाळला, सासरी पाळला, जिल्हा परिषदेच्या कचेरीत पाळला. त्याची किंमत मोजली, पण मान खाली घातली नाही. शिवी हा तिच्या घरात कधी थट्टेचा विषय नव्हताच.

शाळा सुटल्यावर ती तडक रेशमाच्या घरी गेली. रेशमाची आई सुनिता अंगणात मोह वाळत घालत होती. आणखी पाच-सहा बाया बसल्या होत्या. मॅडमला बघून त्या एकमेकींना कोपरानं ढोसत हसल्या, सरकून जागा केली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मोठ्या आशेनं बघत होत्या, पण ते मृणालीला तेव्हा दिसलं नाही. तिला फक्त हसू दिसलं.

‘मी इथे तुमच्या मुलांना शिकवायला आले आहे,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट थंड होता, आणि मराठी पुस्तकासारखी स्वच्छ. ‘टिंगल करून घ्यायला नाही. माझ्या घरादाराबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? माझ्या आजोबांनी शिव्या ऐकल्या. मी ऐकणार नाही.’

अर्धं त्यांना कळलं नसेल. पण सूर कळायला भाषा लागत नाही. सुनिताचं हसू मावळलं. ती उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, मोहानं चिकट झालेले हात जोडले.

‘चुकलं मॅडम,’ ती म्हणाली. बाकीच्या बायाही उभ्या राहिल्या. रेशमा दाराच्या आडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग कधी नव्हे इतका शिस्तीत बसला होता. गाणं कुणीच आणलं नव्हतं. मृणालीनं रेशमाला विचारलं, ‘बरी आहेस ना गं?’ रेशमा म्हणाली, ‘हो मॅडम.’

तिसऱ्या दिवशी करमसिंग आला. रेशमाचा बाप आणि शाळा समितीचा अध्यक्ष. कधी सही लागली तर तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून यायचा. आजही तसाच आला. खुर्चीत बसला नाही.

‘मॅडम, चूक आमनी शे,’ त्यानं बाजारातल्या अहिराणीत सुरुवात केली आणि मग मराठीवर आला. ‘पण वाईट मनानं नव्हतं. आमच्या लग्नात बाया शिव्यांची गाणी म्हणतात. मामाला, मावशीला, व्याह्याला, नाव घेऊन म्हणतात. आपल्या माणसालाच देतात. परक्याला कधी नाही. तलाठी आला, पोलीस आला, तर त्याला चहा. शिवी नाही.’

मृणालीनं हातातला पेन खाली ठेवला.

‘ज्याला शिवी मिळाली त्यानं उठून उलट शिवी द्यायची, गाण्यातच. मग सगळे हसतात, त्याला ओढून नाचायला घेतात. पोरांनी घरी सांगितलं, मॅडमचं गाणंच नाही. मग बाया बसल्या. कुणी म्हणे, मॅडम मोठी बाई, नको. माझी बायको म्हणाली, तीन वर्षं आपल्यात राहते, आता किती दिवस पाहुणी ठेवायची? आठ दिवस जुळवत होत्या. माझ्या धाकट्या भावाचं, रोहिदासचं लग्न आहे ना अठरा तारखेला, त्यात म्हणायचं होतं. रेशमाला दम निघाला नाही.’

‘एक ओळ राहिली होती,’ मृणाली म्हणाली.

करमसिंग ओशाळला. ‘ती काय, शेवटची. “आलीच आहेस तर सरक भटके, आमच्या चुलीजवळ बस.”’

मृणालीनं टेबलाची कड धरली. जे तीन वर्षं मागत होती ते दारात आलं होतं, आणि तिनं ते हाताला धरून बाहेर काढलं होतं. आणि कशाच्या जोरावर? वडिलांच्या धड्याच्या. धडा खोटा नव्हता. पण या अंगणात त्याचं काम नव्हतं, आणि ते सांगायला वडील नव्हते.

‘मग म्हणू द्या त्यांना,’ ती घाईनं म्हणाली. ‘लग्नात म्हणू द्या. मला राग नाही. खरंच नाही.’

‘हो हो मॅडम,’ करमसिंग म्हणाला. तपासणीला आलेल्या साहेबाला म्हणतो तसंच म्हणाला. ‘तुम्ही काळजी करू नका. बठ्ठ्या बायास्ले, सगळ्यांना, सांगी दिधं शे. परत असं होणार नाही.’

त्यानंतर ती सुनिताकडे दोनदा गेली. दोन्ही वेळा सुनितानं चहा केला आणि स्वतः उभी राहिली. ‘मला माहीत नव्हतं गं,’ मृणाली म्हणाली. ‘नाही मॅडम, आमचंच चुकलं,’ सुनिता म्हणाली. मला शिवी दे, असं कुणाला तोंडानं मागायचं तरी कसं? मृणाली चहा संपवून उठली.

मग तिनं एक वेडेपणा केला. गाण्यांची वही काढली. तिच्यात पोरांनी दिलेले पावरी शब्द होते, दोनेकशे तरी. त्यातून एकेक वेचून तिनं सुनिताला द्यायचं उलट गाणं जुळवायला घेतलं. सुनिता गाते आणि तिकडे डाळ करपते, सुनिताच्या आवाजानं कोंबडी अंडं द्यायची विसरते, असल्या चार ओळी. व्याकरणाचा पत्ता नव्हता. रेशमाला विचारावं म्हणून एक ओळ म्हणून दाखवली, ‘बरोबर आहे का गं?’ रेशमा म्हणाली, ‘हो मॅडम.’ मृणालीनं मुद्दाम चुकीची करून म्हटली. रेशमा म्हणाली, ‘हो मॅडम.’ मग तिनं विचारणं सोडलं. संध्याकाळी खोलीत ती एकटीच त्या ओळी घोकायची, चाल चुकायची, परत पहिल्यापासून धरायची. चाळिशीला आलेली बाई, वीस वर्षं मुलांकडून पाठांतर करून घेतलेली, आता स्वतः पाठांतर करत होती. आपण वर्गात पोरांना काय करायला लावतो, ते तिला तेव्हा कळलं. परक्या भाषेत तोंड उघडायला किती धाडस लागतं, हे तिनं कुठल्याच प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं.

पंधरा तारखेला ती शाळेमागच्या टेकाडावर गेली, कारण फोनला रेंज तिथेच. बदलीचा अर्ज उघडला. देवपूरजवळची एक जागा रिकामी दिसत होती. तिनं बराच वेळ त्या नावाकडे पाहिलं आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी तोताराम गुरुजींना म्हणाली, ‘राहिलं भरायचं.’ गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. ‘काय हे मॅडम, हातातोंडाशी आलेला घास. आता वर्षभर इथेच.’ ती म्हणाली, ‘असू दे.’ लग्नाला दोन दिवस होते.

अठरा तारखेला दुपार कलल्यावर ती मांडवात गेली. आंब्याजांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, ढोल तापवून ठेवलेले, आत कुठेतरी रोहिदास हळदीनं पिवळा होऊन बसलेला. बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून रांगेनं उभ्या होत्या आणि गाणी सुरू झाली होती. आधी मामा. मामाच्या मिशीचं काय काय झालं ते सगळं मांडवाला ऐकवलं. मामानं उठून बायांच्या रांगेला असलं काही सुनावलं की म्हाताऱ्यासुद्धा पोट धरून हसल्या. मग सेंधव्याकडची मावशी. मग नवरीचा भाऊ. एकेकाला शिवी मिळत होती, एकेक जण रांगेत ओढला जात होता. मृणालीला आता शब्द कळत होते. सगळे नाही, पण हसायच्या जागा कळत होत्या.

रांग तिच्याकडे वळली. ती आपणहून उठून उभी राहिली. चार ओळी तोंडात तयार होत्या, पहिला शब्द तर जिभेच्या टोकावर. सुनितानं तिच्याकडे पाहिलं. मृणाली हसली, जितकं हसता येईल तितकं हसली, की बाई कळू दे तुला.

सुनितानं हात वर केला. ढोल थांबला. बाया गप्प झाल्या आणि दोन्हीकडे सरकल्या. मागून रेशमा पुढे आली, तिच्यामागे सहा पोरी. लग्नाच्या मांडवात शाळेचे गणवेश, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. सातही जणींनी हात जोडले आणि मराठीत म्हणायला लागल्या:

‘आमच्या मॅडम आल्या दारी, स्वागत त्यांचे करूया,
ज्ञान दिले हो त्यांनी आम्हा, चरणी मस्तक ठेवूया.’

तोताराम गुरुजींकडून लिहून आणलं होतं. आठ दिवस पोरींकडून घोकून घेतलं होतं, हे त्यांच्या म्हणण्यावरूनच कळत होतं. ज्ञानातला ज्ञ नेमका, चरणातला ण नेमका. सुनिता आणि बाकीच्या बाया मागे उभ्या राहून पोरींबरोबर नुसते ओठ हलवत होत्या. मराठी त्यांना धड येत नव्हती, पण चुकायला नको म्हणून त्यांनीही पाठ केलं होतं. करमसिंगची छाती फुगली होती. मांडवातला प्रत्येक माणूस मृणालीच्या तोंडाकडे बघत होता, या खेपेला तरी मॅडमना बरं वाटलं का, एवढंच बघत होता.

तिच्या तोंडातल्या चार ओळी तोंडातच राहिल्या. शिवी मिळाल्याशिवाय उलट शिवी देता येत नाही. दिली तर ती नुसती शिवी होते, हे आता तिलाही कळत होतं. हात जोडून उभ्या असलेल्या लेकरांसमोर त्यांच्या आईला शिवी कोण देईल? तिला रडू येत होतं आणि रडायचीही सोय नव्हती. रडली असती तर त्यांना वाटलं असतं, परत काहीतरी चुकलं.

गाणं संपलं. रेशमानं हात जोडलेलेच ठेवले. तिच्या कपाळावर घाम आला होता.

‘मॅडम,’ तिनं हळूच विचारलं, ‘काही चुकलं का?’

‘नाही,’ मृणाली म्हणाली. ‘एकही चूक नाही.’

तिनं टाळ्या वाजवल्या. सुनितानं सुटकेचा श्वास टाकला आणि ढोलवाल्याला खूण केली. रांग तिच्यापासून पुढे सरकली, शेजारच्या आत्याबाईंसमोर थांबली आणि आत्याबाईंच्या नाकापासून सुरुवात झाली.